बनशंकरीबाईंच्या पोटातले कावळे

अमेरिकेतल्या एका आडगावात दोन पोलीस एका बाईला घरोघर शोधत फिरत होते. ती बाई त्या गावात नव्हती, अमेरिकेत नव्हती, जगातच नव्हती. ती आम्ही बंगळुरात, बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कॉफी पिता पिता तयार केली होती.

पण आधी आमचा धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो शेवटपर्यंत कळला नाही. ती सगळ्यांना सांगायची, "शकू अमेरिकेतल्या डॉक्टरांचे फोन चोरून ऐकते."

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. तिकडचा डॉक्टर रुग्ण तपासला की लगेच फोन उचलायचा आणि सगळी हकीकत बोलून टाकायचा: काय दुखतं, कधीपासून, तपासणीत काय दिसलं, औषध काय दिलं. ते बोलणं कागदावर आणणं सक्तीचं, आणि टायपिंग तिकडे महाग. मग ते आवाज लाइनवरून आमच्याकडे यायचे. त्यांची रात्र म्हणजे आमचा दिवस. आमची पोरं कानाला हेडफोन लावून, पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल दाबत आवाज मागेपुढे करायची आणि टाइप करायची. मग ते माझ्याकडे यायचं. मी पुन्हा ऐकायचं, चुका काढायच्या, संध्याकाळी सगळं परत धाडायचं. डॉक्टर सकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत रिपोर्ट त्याच्या टेबलावर.

मी त्याआधी हायस्कूलात इंग्रजी शिकवत असे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते, तेव्हा माझा जुना विद्यार्थी मूर्ती दारात उभा राहिला. मूर्ती शाळेत इंग्रजीत दरवर्षी काठावर पास व्हायचा. आता त्याने हा इंग्रजीचाच कारखाना काढला होता, मेव्हण्याच्या ओळखीने अमेरिकेतल्या एका एजन्सीचं काम मिळवलं होतं आणि त्याला कामाची तपासणी करणारं माणूस हवं होतं. "मिस, तुम्ही फक्त चुका काढायच्या," तो म्हणाला. बाईमाणसाला याहून आवडतं काम कोण देणार? मी दुसऱ्याच दिवशी हजर झाले. ऑफिसातली पोरं मला अक्का म्हणायची. मूर्ती मात्र मालक झाला तरी मिसच म्हणायचा. आमचं बहुतेक बोलणं कन्नडातच व्हायचं, पण इथे मराठीत देते.

डॉक्टरी शब्दांची मला भीती वाटत होती. त्यांना डिक्शनऱ्या होत्या. खरी पंचाईत साध्या इंग्रजीने केली.

आमच्या वाट्याला एक वयस्क डॉक्टर होते. खेड्यातले. त्यांना आम्ही आजोबा म्हणायचो. आजोबा बोलताना कॉफीचे घोट घ्यायचे, मध्येच कुत्र्याला ओरडायचे, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य सरळ बाहेर पडत नसे. ऑपरेशन झालेल्या एका माणसाविषयी ते म्हणाले, 'ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट.' अजून धोका टळलेला नाही, एवढाच अर्थ. आमच्या गिरिजाने रिपोर्टखाली टीप टाकली: रुग्ण जंगलात आहे असे डॉक्टर म्हणतात, कृपया पत्ता कळवावा.

ही गिरिजा नागपूरची, माझ्याशी मराठीतच बोलायची. मामाकडे के. आर. पुरमला राहायची आणि दोन बस बदलून यायची. कान असा तिखट की आजोबांचा कुत्रा भुंकत असतानासुद्धा तिला गोळीचं नाव ऐकू यायचं. पण इंग्रजी पुस्तकातलं.

"अक्का, हा माणूस काय बोलून राहिला?" ती हेडफोन काढून विचारायची. "म्हातारीला 'टफ कुकी' म्हणते."

"म्हणजे चिवट बाई. खमकी."

"बाप्पा! मी तर खायच्या पथ्यात लिहिलं. कडक बिस्किटं चालतील म्हणून."

त्या दिवशी मी ठरवलं, यांचा वर्ग घ्यायचा. रोज अकराच्या कॉफीला, दहा-पंधरा मिनिटं. रूपक म्हटलं की पोरांना शाळेतल्या कवितेचा अलंकार आठवायचा आणि चेहरे पडायचे. मी म्हटलं, कविता विसरा. इंग्रज माणूस दिवसभर रूपकातच बोलतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तो वेळ 'खर्च' करतो, जणू खिशातले पैसे. आनंदात असला की 'वर' असतो, दुःखात 'खाली'. ताप 'चढतो', रक्तदाब 'उडी मारतो'. आणि डॉक्टरी शब्द काय मोठे सोवळे आहेत? खांदा आखडला की तो 'गोठला'. हृदयात बारीक आवाज आला की त्याला मर्मर म्हणायचं, म्हणजे हृदय कुजबुजतंय. हार्ट 'अटॅक' येतो. हल्ला कुणी केला, ते कुणी विचारत नाही.

"म्हणून नियम असा," मी फळ्यावर न लिहिता सांगितलं, कारण फळाच नव्हता. "वाक्य विचित्र वाटलं की थांबायचं. या शब्दांतल्या गोष्टी खरंच घडल्यात का, हे स्वतःला विचारायचं. नसतील, तर सांगणाऱ्याला काय वाटत होतं ते शोधायचं. आणि वाक्य डॉक्टरचं नसून रुग्णाचं असेल, तर अवतरणात जसंच्या तसं ठेवायचं. त्याला इस्त्री करायची नाही."

हा शेवटचा नियम मला एका प्रसंगाने शिकवला होता. आजोबांनी एका शेतकऱ्याचे शब्द सांगितले होते: छातीवर कुणीतरी ट्रक उभा केलाय. एका मुलाने आजाराच्या इतिहासात 'ट्रक अपघात' लिहिलं. दुसऱ्याने ते तपासताना शहाणपणा करून 'छातीत अस्वस्थता' केलं. व्याकरण चोख. पण ज्याच्या छातीत नुसती अस्वस्थता आहे त्याला पुढचा डॉक्टर बाकावर बसवून ठेवेल. छातीवर ट्रक आहे त्याच्यासाठी तो धावेल. मी ट्रक परत आणून छातीवर उभा केला. त्या माणसाचं पुढे काय झालं, कळलं नाही. आमच्या कामातली हीच एक बोच. अर्धी गोष्ट कानात सांगून माणसं निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी यायची.

असो. वर्ग रंगला, तसं पोरांना शिंगं फुटली. गिरिजा एकदा म्हणाली, "अक्का, आपण त्यांना हसून राहिलो. पण आपली एखादी मावशी त्यांच्या दवाखान्यात गेली आणि मराठीतच बोलली तर?"

झालं. त्या दिवशी कॉफी थंड झाली. मराठी येणारे आम्ही चौघे-पाचजण, बाकीचे कन्नडातून भर घालत होते, आणि गिरिजा एकेक वाक्य इंग्रजीत, अगदी रिपोर्टाच्या साच्यात टाइप करत होती. रुग्णाचं नाव: मिसेस बनशंकरी. मुख्य तक्रार: सकाळपासून पोटात कावळे ओरडत आहेत. पूर्वेतिहास: सासू डोक्यावर बसली आहे. नवरा रोज डोके खातो. काल पायाखालची जमीन सरकली, तेव्हापासून तोंडचे पाणी पळाले असून अद्याप परतलेले नाही. तपासणी: काळजाचे पाणी झालेले. अंगाचा तिळपापड. सल्ला: कानाला खडा लावावा.

हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काळजाचं पाणी इंग्रजीत 'वॉटर' झालं की फुप्फुसाच्या आजारासारखं दिसतं, हे मला तेव्हाच कळलं. मग कॉफीचे पेले गोळा झाले, सगळे आपापल्या जागी गेले. आणि गिरिजाने ते पान कुठल्या फोल्डरात ठेवलं, ते कुणी पाहिलं नाही. तिनेही नाही. संध्याकाळी रोजच्यासारखं त्या फोल्डरातलं सगळं लाइनवरून अमेरिकेला गेलं.

आजोबा त्या आठवड्यात मासे पकडायला सुट्टीवर गेले होते. ते असते तर पहिल्या ओळीलाच हसले असते, असं मला आजही वाटतं. पण रिपोर्ट पडला तो दवाखान्यातल्या एका नव्या, कर्तव्यदक्ष नर्सच्या हातात. बाईंना पोटात पक्षी ऐकू येतात. डोक्यावर सासू बसल्याचा भास होतो. तिने मानसोपचाराची चिठ्ठी तयार केली. पुढचं वाक्य वाचून ती उठलीच. नवरा रोज डोकं खातो! घरात मारहाण, चावे, देव जाणे काय. तिकडे असं काही कळलं की पोलिसांना सांगावंच लागतं. तिने सांगितलं. आणि दोन पोलीस बनशंकरीबाईंना वाचवायला बाहेर पडले.

बाई सापडेना, तशी चौकशी दवाखान्यातून एजन्सीत आणि एजन्सीतून आमच्याकडे आली. फॅक्स छोटा होता. आमची तपासणी करायला पॅट्रिशिया नावाच्या अधिकारी बाई स्वतः येत होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं, 'हेड्स विल रोल.' मुंडकी उडतील. एवढं रूपक मूर्तीला कुणी न समजावताच कळलं.

"मिस, ही पोरगी उद्यापासून नको," तो म्हणाला. "तिला काढलं असं दाखवलं तर बाकीचे वाचू."

"वर्ग माझा होता, मूर्ती. हसले पण मी."

"तुम्हाला कसं काढू? तुम्ही माझ्या मिस आहात."

"मग तिलाही नको काढू. ती माझी विद्यार्थिनी आहे, तुझ्यासारखीच. तुझ्यापेक्षा स्वल्प हुशार."

शेवटी तोडगा निघाला: पॅट्रिशियाबाई असेपर्यंत गिरिजाने रजेवर राहायचं, मग बघू. गिरिजाने मान हलवली. "मी नाही घाबरून राहिली, अक्का," ती जिन्यात मला म्हणाली, आणि रुमाल शोधू लागली. तिने ही नोकरी मिळवायला घरच्यांशी भांडण केलं होतं. इथून गेली असती तर नागपूरला थेट बोहल्यावरच.

पॅट्रिशियाबाई आल्या. उंच, पांढरे बूट, ओठ शिवल्यासारखे बंद. दिवसभर एकेका पोराच्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. मूर्तीने सगळ्यांना तोंड उघडायची बंदी केली होती, त्यामुळे ऑफिस स्मशानासारखं शांत. दुपारी त्याने अतिथीसत्काराची हद्द केली. बिसी बेळे भात, वर तूप, बरोबर बोंडा, त्यावर मिरचीची चटणी, मग फेणीसारखी चिरोटी दुधात बुडवून. त्या नको म्हणत होत्या. मूर्ती 'स्वल्प, स्वल्प' म्हणत वाढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून फोन आला. पॅट्रिशियाबाईंना उठवत नव्हतं.

मूर्ती डोकं धरून बसला. मी मात्र रिक्षा केली, आणि वाटेत सार्वजनिक फोनवरून गिरिजाच्या मामांना निरोप दिला: पोरीला घेऊन थेट हॉटेलवर या. आजारी माणसाजवळ एक तरुण मुलगी असावी, एवढंच कारण मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पुरं खरंही नव्हतं.

पॅट्रिशियाबाईंना आम्ही दोघींनी धरून आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टर जुने, निष्णात, आणि त्यांचं इंग्रजी त्यांच्या औषधांइतकंच कडक. पॅट्रिशियाबाईंना मी गिरिजाची ओळख नुसतं 'गिरिजा' म्हणून करून दिली होती.

"मोशन फ्री?" डॉक्टरांनी विचारलं. म्हणजे शौचाला साफ होते का.

पॅट्रिशियाबाईंनी हात वर करून खांदे फिरवून दाखवले. हालचाल मोकळी होती.

"पेन इज कॅचिंग?" म्हणजे पोटात धरल्यासारखं होतं का.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "कॅचिंग? संसर्गजन्य आहे? इथे कुणाकुणाला झालंय?"

मी मध्ये पडून समजावलं. मग त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं की डोकं फुटतंय, आणि पोटातून सगळं मालगाडीसारखं धावत सुटलंय. डॉक्टरांनी आधी त्यांचं डोकं नीट चाचपून पाहिलं. फुटलेलं नव्हतं. मग त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि लिहायला घेतलं. पॅट्रिशियाबाई वाकून पाहू लागल्या. दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायची सवय. कागदावर लिहिलं होतं: डोक्यास मार नाही. नुकताच रेल्वेने प्रवास.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांचे ते शिवलेले ओठ उसवले. पोट धरून हसता हसता त्या कळवळत होत्या, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसत होत्या. डॉक्टर मला कन्नडात म्हणाले, "हिला झोपेची गोळी पण देऊ का?"

हॉटेलवर परतल्यावर गिरिजाने त्यांना दर थोड्या वेळाने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दुपारी त्या उशीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "ते कावळ्यांचं प्रकरण. ज्या मुलीने लिहिलं, तिला काढलंत का?"

मी तोंड उघडायच्या आत गिरिजा बोलली. "मीच लिहिलं, मॅम." हातातला पेला तिने खाली ठेवला नाही. "फोल्डर चुकलं, ती माझी चूक. पण कावळे खरे आहेत. भूक लागली की आमच्याकडे ओरडतात."

"पोटात?"

"तुमच्याकडे घाबरलं की पोटात फुलपाखरं उडतात न? रिपोर्टात मीच टाइप केलंय. आम्हाला कावळे परवडतात."

पॅट्रिशियाबाई उशीवरून पुढे झाल्या. "आणि नवरा डोकं खातो?"

"तो फार बोलतो, एवढंच."

"माझाही," पॅट्रिशियाबाई म्हणाल्या, आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

निर्णय मात्र त्यांनी सांगितला नाही. उरलेले दोन दिवस त्या ऑफिसात बसल्या, दहीभात खाल्ला, अकराच्या वर्गालाही येऊन बसल्या. पण तोंडातून 'हो' नाही की 'नाही' नाही. मूर्तीचा चेहरा रोज थोडा उतरत होता. त्यांना सोडायला विमानतळावर आम्ही दोघं गेलो. मूर्ती सामानाची गाडी ढकलत मागे राहिला होता, तेव्हा दाराशी त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मूर्तीला सांगा, ही इज ऑफ द हुक. आणि ती मुलगीही." मग त्या आत गेल्या.

मूर्ती धापा टाकत आला. "काय म्हणाल्या, मिस?"

"म्हणाल्या, मूर्ती ऑफ द हुक."

तो रिकाम्या सामानगाडीवर मटकन बसला. "संपलं."

"काय संपलं?"

"मिस, माझं एसटीडी बूथ होतं आधी. फोन ऑफ द हुक राहिला की लाइन डेड. तेच म्हणाल्या त्या. लाइन कापली आपली."

 समोर कॉफीची टपरी होती, तिकडे मी बोट दाखवलं. मूर्ती मुकाट्याने आला. बाकावर बसून त्याने सगळा कारखाना मनातल्या मनात मोडीत काढला. मेव्हण्याला काय तोंड दाखवू म्हणाला. हार्डवेअरवाल्याला जागा परत करायला हवी म्हणाला. मग पेला हातात फिरवत म्हणाला, "आणि मिस, त्या गिरिजाचं वाईट वाटतं. आजारपणात तिने त्या बाईंची किती सेवा केली. आणि मी तिला दडवून ठेवली."

"मग आता काय करणार तिचं?"

"करायला काय उरलंय? पुन्हा संधी मिळाली असती तर तिला कायम केलं असतं. तुमच्या हाताखाली तपासणीला बसवलं असतं."

"खरंच?"

"आईशप्पथ, मिस."

"सरी, ठीक तर," मी म्हटलं, आणि कॉफीचा शेवटचा घोट सावकाश घेतला. "मासा गळाला लागतो, माहीत आहे न? त्या गळाला इंग्रजीत हुक म्हणतात. ऑफ द हुक म्हणजे मासा सुटला. तू सुटलास, मूर्ती. काम राहिलं. गिरिजाही राहिली, आणि आता तर ती कायम झाली."

मूर्ती उठला, बसला, पुन्हा उठला. टपरीवाल्याला विनाकारण आणखी दोन कॉफी सांगितल्या. मग एकदम माझ्याकडे वळला. "अय्यो मिस! इतका वेळ मी मरत होतो. तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू मला अर्थ विचारलास कुठे?" मी म्हटलं. "तू तर मलाच सांगत होतास."